मोक्षाचा टोलनाका

गेल्या आठवड्यात ऑफिसात जेवणाच्या टेबलावर विषय निघाला आणि शनिवार उजाडला तरी डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहितोय. (आठवड्याचे कपडे मशीनमध्ये पडलेत, ते पडू देत.)

आमचा एक सहकारी आहे. हुशार, मदतीला धावणारा, कधी कुणाला वाईट न बोलणारा. तो म्हणाला, "अरे, आमच्या धर्मात मुक्तीचा मार्ग सगळ्यांना खुला आहे. कुणीही यावं. मग यात कुणावर अन्याय कसा होईल?"

तो कुठल्या धर्माचा, ते मुद्दामच सांगत नाही. कारण हे वाक्य मी तीन-चार धर्मांच्या माणसांकडून ऐकलंय, आणि दर वेळी फक्त 'आमच्या' या शब्दाचा अर्थ बदलतो. बाकी वाक्य जसंच्या तसं.

टेबलावर मी गप्प बसलो. डबा संपवायचा होता, दोन वाजता मीटिंग होती. पण मला उत्तर माहीत होतं. ते मी लहानपणी अकोल्याला, जुन्या शहरात, आमच्या घराच्या ओट्यावर बसून रोज बघितलं होतं.

*

ज्यांना अकोला माहीत नाही त्यांच्यासाठी: मोर्णा नदीच्या एका अंगाला नवं अकोला. बाजार, स्टेशन, कलेक्टर कचेरी, सगळं तिकडे. दुसऱ्या अंगाला जुनं शहर. असदगडाचा पडका किल्ला, राजेश्वराचं देऊळ, अरुंद गल्ल्या आणि एकमेकींना टेकून उभी असलेली घरं.

आमचे आजोबा राजेश्वराचे भक्त. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावड असते. गांधीग्रामला जाऊन पूर्णेचं पाणी भरायचं आणि अठरा-वीस किलोमीटर अनवाणी चालत येऊन राजेश्वराला घालायचं. आजोबांनी ती कावड पाय साथ देईपर्यंत चुकवली नाही.

आजी मात्र महानुभाव. माहेरूनच उपदेश घेऊन आलेली. महानुभावांचं तत्त्वज्ञान थोडक्यात सांगायचं तर जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार वेगवेगळे पदार्थ आहेत. देवता फळ देतात, पण ते फळ संपणारं असतं. मोक्ष देतो तो फक्त परमेश्वर, आणि त्याचे अवतार म्हणजे पंचकृष्ण. म्हणजे हिशोब सरळ आहे. आजोबांनी आयुष्यभर वाहिलेल्या कावडींचं पुण्य त्यांना मिळणार, पण मोक्षाच्या खात्यात त्यातलं काहीही जमा होणार नाही!

आजी हे आजोबांना तोंडावर कधी बोलली नाही. राजेश्वराचा प्रसाद आला की हातात घ्यायची आणि स्वतः न खाता आम्हा पोरांना वाटून टाकायची. एकदा मी विचारलं, "आजी, आजोबांचं काय होईल मग?" ती म्हणाली, "पुढच्या जन्मी समजन त्याहीले. मी स्मरन करतो नं त्याहीच्या वाट्याचं बी."

आणि भिंतीला भिंत लागून खालाचं घर. खाला म्हणजे कुणाची मावशी वगैरे नव्हे, सगळ्या गल्लीची खाला. आजीची आणि तिची चाळीस वर्षांची मैत्री. उन्हाळ्यात दोघींचे पापड एकाच गच्चीवर. आजीच्या गुडघ्याला तेल लावायला खाला यायची आणि खालाच्या सुनेच्या बाळंतपणात आजी रात्रभर जागायची.

आता गंमत बघा. दोघींनाही एकमेकींची मनापासून काळजी होती, आणि काळजीचं कारणही एकच होतं! आजी म्हणायची, "बाई लय गुनाची हाये वं, पन तिचं कसं होईन? परमेश्वराचं नाव नाही तिच्या तोंडी." आणि खाला माझ्या आईला हळूच म्हणायची, "तुमारी सास का दिल सोना है. बस एक कलमा पढ लेती तो मेरे कू फिकर नै रैती."

लहानपणी मला हे फार गोड वाटायचं. आज वाटतं की यात काहीतरी भयंकर आहे. दोन म्हाताऱ्या, एकमेकींवर जीव लावणाऱ्या, आणि दोघींनाही शिकवलेलं असं की समोरची हुकणार.

*

तर मुद्दा. 'मार्ग सगळ्यांना खुला आहे' हे वाक्य घेऊ.

खुला म्हणजे काय? आजी आणि खाला यांच्या दारांमध्ये दहा पावलांचं अंतर होतं. इतक्या जवळून, इतक्या प्रेमाने, इतकी वर्षं दुसरा मार्ग जगात फार थोड्यांना दिसत असेल. तरी दोघीही गेल्या नाहीत. का? हट्टीपणा? अहंकार? अजिबात नाही. आईवडिलांनी जे शिकवलं त्याला धरून राहणं, वाईट दिवसातही देवाचा हात न सोडणं, कुणी आमिष दाखवलं तरी न हलणं, याला आपण श्रद्धा म्हणतो. प्रत्येक धर्म आपापल्या घरातल्या म्हाताऱ्यांमधल्या याच गुणाचं कौतुक करतो. आणि शेजारच्या घरातल्या म्हातारीत हाच गुण दिसला की तो तिचा अपराध ठरतो!

एकच इनपुट, एकच फंक्शन, आणि उत्तर ठरतं ते जन्म कुठल्या भिंतीच्या आत झाला यावर. माझ्या ज्युनिअरने असा कोड लिहिला तर मी त्याला परत पाठवीन. आणि 'ही एज केस आहे' हे कारणही इथे चालणार नाही. जगातला सगळ्यात मोठा धर्म घेतला तरी तो जगाच्या लोकसंख्येच्या एक तृतीयांशाच्या पुढे जात नाही. म्हणजे मार्ग कुठलाही निवडा, दोन तृतीयांश माणसं बाहेर. त्यातली बहुतेक बाहेरच जन्मली आणि बाहेरच मरणार.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे औषधाचं. 'क्षयाला ठराविकच औषध लागतं. मग काय औषध अन्यायी झालं?' उत्तर चांगलं आहे, मीही बरीच वर्षं त्यावर अडकलो होतो. पण बघा. औषध खरं आहे की नाही ते तपासता येतं, आणि कुठल्याही गावचा, कुठल्याही जातीचा डॉक्टर तपासला तरी निकाल तोच येतो. औषध न मिळालेल्या रोग्याला आपण गुन्हेगार म्हणत नाही. आणि मुख्य म्हणजे डॉक्टरने रोग तयार केलेला नसतो. ज्या धर्मात देवच जग चालवतो, तिथे रोगी त्याचा, रोगाचा नियम त्याचा आणि औषधाचं दुकान कुठल्या गल्लीत उघडायचं हा निर्णयही त्याचाच. मग 'तू त्या दुकानात का गेली नाहीस?' असं खालाला किंवा आजीला विचारण्याचा हक्क कुणाला उरतो?

*

गंमत म्हणजे हा अन्याय त्या त्या धर्मातल्या शहाण्या माणसांना केव्हाच टोचला होता. सगळीकडे कुणी ना कुणी मागच्या बाजूला एक छोटा दरवाजा काढलेला दिसतो.

1442 साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेच्या वेळी कॅथलिक चर्चने स्पष्ट सांगितलं होतं की चर्चबाहेर राहून मेलेल्या कुणालाही शाश्वत जीवन नाही. त्याच चर्चने 1964 साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत म्हटलं, की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताची वार्ता कळली नाही पण जे सदसद्विवेकाने जगले, त्यांनाही तारण मिळू शकतं. इस्लाममध्ये, निरोप्या पाठवल्याशिवाय शिक्षा नाही अशा अर्थाचं वचन कुराणातच आहे. 1111 साली वारलेल्या इमाम गझालींनी त्यावरून माणसांचे तीन गट पाडले: ज्यांच्यापर्यंत निरोप पोचलाच नाही, ज्यांच्यापर्यंत वेडावाकडा पोचला, आणि ज्यांच्यापर्यंत नीट पोचूनही ज्यांनी पाठ फिरवली. पहिल्या दोघांना माफी.

मनापासून आदर वाटतो मला या माणसांचा. पण हा दरवाजा नीट बघितला की नवा घोळ दिसतो. न ऐकलेल्याला माफी आणि ऐकून न पटलेल्याला शिक्षा असेल, तर खालाने आजीला काही न सांगणं हेच आजीच्या हिताचं होतं! चाळीस वर्षं प्रेमाने सांगून खालाने आजीचा धोका वाढवला. दूर कुठल्या जंगलात राहणारी, कधी काहीच न ऐकलेली बाई सुटणार, आणि जिला एका सख्ख्या मैत्रिणीने जीव तोडून सांगितलं ती अडकणार. हा न्याय मला तरी समजत नाही.

बरं, आपल्याकडचं उत्तर? पुनर्जन्म. 'या जन्मी नाही तर पुढच्या जन्मी.' वरवर हे जास्त उदार वाटतं. आजीलाही त्याचाच आधार होता. पण पुनर्जन्माबरोबर कर्माचा हिशोब येतो, आणि त्या हिशोबात तुझा जन्म ही तुझीच कमाई असते. म्हणजे बाहेर उभं केलं ते केलंच, वर उभं केल्याचं बिलही तुझ्याच नावावर! चोखोबांना विठ्ठलाच्या दाराबाहेर ठेवलं ते चौदाव्या शतकात. त्यांच्या समाजासाठी ते दार उघडलं 1947 साली, तेही सानेगुरुजींनी मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केल्यावर. मधली सहाशे वर्षं 'मागच्या जन्मीचं कर्म' या दोन-तीन शब्दांवर ढकलली गेली. पूर्वग्रह ठेवणाऱ्यांना इतकं सोयीचं उत्तर दुसऱ्या कुणी दिलं नसेल.

*

आता कुणी म्हणेल, जाऊ दे ना, सगळे रस्ते शेवटी एकाच ठिकाणी जातात. आपल्या पिढीचं हे लाडकं वाक्य. दिवाळीला एक मेसेज, ईदला एक, नाताळला एक, आणि झाली समता.

मला हे वाक्य जवळजवळ तितकंच खटकतं. एक म्हणजे ते खरं नाही. आजीचा मोक्ष, खालाची जन्नत आणि बौद्धांचं निर्वाण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच आहेत असं म्हणणं म्हणजे 'बायांनो, तुम्हाला काय पाहिजे ते तुम्हाला कळत नाही, मला कळतं' असं म्हणणं. दुसरं म्हणजे या वाक्याच्या आडोशाला रस्त्यावरचे खड्डे लपतात. रस्ता पोचतो का हा प्रश्न आहेच, पण रस्त्यावर कुणाला चालू देतात हा प्रश्न त्याच्या आधीचा.

उदाहरण लांबचं नको. अकोल्याहून दीड-दोन तासांवर शिरपूर आहे, अंतरिक्ष पार्श्वनाथांचं. आता वाशिम जिल्ह्यात येतं, पण 1998 पर्यंत आमच्याच अकोला जिल्ह्यात होतं. दिगंबर आणि श्वेतांबर या जैनांच्या दोन्ही पंथांचा त्या मूर्तीवर हक्क. वाद ब्रिटिशांच्या काळापासून कोर्टात. 1981 पासून तिथल्या मूर्तीचं सर्वसामान्य दर्शन बंद झालं, ते 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडलं. भांडण व्यवस्थापनाचं आणि पूजेच्या पद्धतीचं, ते मला नीट माहीत आहे. पण याच दोन पंथांमध्ये एक जास्त जुना आणि जास्त खोल वाद आहे, आणि त्याच्याबद्दल आपण कधी बोलत नाही. बाईला बाईच्या देहातून मोक्ष मिळतो का? श्वेतांबर म्हणतात मिळतो. त्यांच्या मते एकोणिसावे तीर्थंकर मल्ली हे स्त्रीच होते. दिगंबर परंपरा म्हणते नाही. मोक्षाला संपूर्ण अपरिग्रह लागतो, त्यात वस्त्रत्यागही आला, तो बाईला शक्य नाही, म्हणून तिने आधी पुरुषाचा जन्म घ्यावा. शेकडो वर्षं दोन्हीकडच्या विद्वानांनी यावर ग्रंथ लिहिले. सगळे युक्तिवाद बारीक आणि तर्कशुद्ध. पण ज्या बाईबद्दल हे चाललं होतं, तिला त्या वादात बसायला पाट कुणी मांडला नाही.

'सगळे रस्ते एकच' म्हणणाऱ्याने सांगावं, यातला कुठला रस्ता धरून एक?

*

मग मी स्वतः कुठे उभा आहे?

माझ्या आजीच्या पंथापासूनच सुरुवात करतो, कारण घरच्यावर टीका करायला कुणाची परवानगी लागत नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी बायकांना आणि सगळ्या जातींना मोक्षमार्गावर घेतलं. पाळीचा विटाळ त्यांनी मानला नाही. शरीरातून इतर मळ बाहेर पडतात तसाच हा एक, असं त्यांचं साधं म्हणणं लीळाचरित्रात आहे. त्यांच्यानंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी आपल्या पंडित शिष्याला संस्कृतात लिहिण्यापासून अडवलं. का? तर त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या वंचित राहतील. मार्ग एकच, पण तो म्हाताऱ्यांना कळेल अशा भाषेत पाहिजे. सातशे वर्षांपूर्वीचं हे लोकलायझेशन! ज्या रिद्धपुरात हे घडलं, ते आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात. मराठी भाषा विद्यापीठही आता तिथेच स्थापन झालंय. मला याचा अभिमान आहे.

आणि पुढे? चौदाव्या शतकापासून याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहायला घेतले. अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, सरळसरळ एन्क्रिप्शन. बाहेरच्या अभ्यासकांना ते वाचता येऊ लागलं थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. छळाची भीती होती, ग्रंथ भ्रष्ट होतील ही काळजी होती, कारणं मला समजतात. पण विचार करा. मोक्ष देणारा परमेश्वर एकच, आणि त्याच्याकडे नेणारी पोथी कुलपात. मग आमच्या खालाने ती कुठून वाचावी? जो मार्ग इतका मोठ्या मनाने सुरू झाला त्याचंही असं होतं, ते 'एकमेव' या शब्दामुळे. एकमेव वस्तू म्हटली की ती राखावी लागते. राखण आली की नाका येतो. आणि नाका आला की पावती कुणाच्या नावाची हे बघणारा माणूस येतो.

याच्यावरचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मला बाबासाहेबांकडे सापडलं. 31 मे 1936 रोजी मुंबईत महार परिषदेत त्यांनी जे भाषण केलं, त्याचं नावच 'मुक्ती कोन पथे?' मुक्ती कुठल्या वाटेने. धर्म बदलायचा का, या प्रश्नाला त्यांनी परलोकाच्या नव्हे तर माणसाला माणूस म्हणून वागवण्याच्या मापाने मोजलं. पुढे 1957 साली, त्यांच्या निधनानंतर, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी एक फरक केलाय: मार्गदाता आणि मोक्षदाता. बुद्धाने स्वतःला मोक्षदाता म्हटलं नाही, मार्गदाता म्हटलं. वाट दाखवीन, चालायचं तुम्ही, आणि माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून तुम्हाला काही मिळणार नाही.

तुम्ही बौद्ध व्हा, असं मी सांगत नाहीये. (मीही नाही.) फरक फक्त धर्माधर्मातला नाही, प्रत्येक धर्माच्या आतला आहे. आजीच्या पंथात मार्ग दाखवणारे नागदेवाचार्य आहेत आणि कुलूप लावणारेही आहेत. चर्चमध्ये 1442 आहे आणि 1964 पण आहे. बौद्ध म्हणवणाऱ्या देशांमध्येही नाके आहेतच. माझं म्हणणं इतकंच आहे: कुठलाही धर्म 'आम्हाला ही वाट सापडली, आम्ही सुखाने चालतोय, या' असं म्हणत असेल तर तो सगळ्यांशी न्यायाने वागू शकतो. ज्या क्षणी तो म्हणतो 'बाकी कुणी पोचणार नाही', त्या क्षणी तो न्याय्य राहू शकत नाही. मग तो कितीही प्रेमाने म्हणो.

आणि 'हे सगळं मेल्यानंतरचं आहे, आज काय फरक पडतो?' असं समजू नका. 13 मे 2023 च्या रात्री आमच्या जुन्या शहरात एका सोशल मीडियावरच्या मजकुरावरून दंगल झाली. एक माणूस मेला, गाड्या जळाल्या, संचारबंदी लागली. मी पुण्यात बसून रात्रभर गल्लीतल्यांना फोन करत होतो. दंगल मोक्षावरून झाली असं म्हणणं खोटं ठरेल. तिची कारणं वेगळी, आणि राजकारण तर होतंच. पण शेजारचा माणूस शेवटी वाया जाणारच आहे, हे लहानपणापासून ऐकलेलं असलं की त्याच्या घराकडे दगड भिरकावताना हात कमी थरथरत असणार. आजीच्या पिढीत या शिकवणुकीची काळजी झाली. तिच्या नातवंडांच्या पिढीत तिचा तिरस्कार व्हायला फार वेळ लागला नाही.

आजी 2009 मध्ये गेली. शेवटचे दोन दिवस खाला तिच्या उशाशी बसून होती. आजीचं स्मरण चालू, खालाची तस्बीह चालू. कलमा पढ असं खाला शेवटी म्हणाली नाही, आणि परमेश्वराचं नाव घे असं आजीही म्हणाली नाही. त्यानंतर सहा वर्षांनी खाला गेली.

माझ्या सहकाऱ्याला सोमवारी एवढंच विचारणार आहे. तुझा मार्ग खरा असेल, तर या दोघींपैकी निदान एक आज बाहेर उभी आहे. कदाचित दोघीही. तिने काय केलं असतं म्हणजे ती आत आली असती? आणि ते तिने का करायला हवं होतं? 'मार्ग खुला होता' याच्या पलीकडचं उत्तर त्याच्याकडे असेल तर मला खरंच ऐकायचंय.

तोवर माझं मत असं, की आजीला आत घेतलं असेल आणि खाला बाहेर असेल, तर आजी पहिल्या दिवशीच विचारेल, "ते शेजारची बाई कुठी हाये?" आणि उत्तर ऐकून तिथे बसून राहणाऱ्यातली ती नव्हती.